संत गोन्सालूच्या कबरीपाशी

“ओढ गं दोरी, ओढ! तीनदा ओढलीस की नवरा मिळालाच म्हणून समज,” फेलिस्बेला चर्चच्या दारातच खिदळली. “म्हाताऱ्या बायांचीच लग्नं जुळवतो हा संत. तुझ्यासाठीच बसलाय!”

दियोलिंदानं मैत्रिणीला कोपरानं ढोसलं. शाळेच्या स्वयंपाकघरात अडतीस वर्षं सूप ढवळलेली ही अविवाहित बाई गावच्या सहलीबरोबर अमारान्त शहरातली नदी नि पूल बघायला आलीय, असंच सगळ्यांना वाटत होतं. खरं कारण येताना बसमध्ये तिसऱ्या बाकावर बसलं होतं. आल्बानू, गावचा पाथरवट, विधुर. दर रविवारी प्रार्थना संपली की तिच्या फाटकापर्यंत सोबत यायचा, पावसापाण्याचं बोलायचा नि परत फिरायचा. सहा वर्षं! आणि आता सोमवारी तो कायमचा फ्रान्सला, मुलीकडे निघाला होता. दोरी ओढायची ती त्याच्या नावानं, हे तिनं मनाशी पक्कं केलं होतं.

दोरी आतल्या पुतळ्याच्या कमरेला होती. तिकडे जाताना संताची कबर लागली आणि तिचे पाय थबकले. कबरीवर दगडाचा संत आडवा निजला होता. पण नाक नाही, डोळे नाहीत, बोटं नाहीत. सगळं गुळगुळीत.

“अगंबाई! कुणी फोडलं हे?”

“कुणी नाही.” मागे आल्बानू टोपी हातात धरून उभा होता. “हात लावून लावून झालंय. छिन्नीनं हे साधत नाही, दियोलिंदा. जन्म गेला माझा दगडात, पण एवढा मऊ झालेला दगड नाही पाहिला.”

तिच्या अंगावर सरसरून काटा आला. शेकडो वर्षं बाया इथे येऊन कुजबुजल्या, आणि त्यांच्या मागण्यांपुढे दगडसुद्धा झिजला! पण ज्याला सांगायचं त्यालाच किती जणींनी सांगितलं असेल?

“मी तुमच्या नावानं दोरी ओढायला आले होते,” ती म्हणाली. “आता संताला नाही, तुम्हालाच विचारते. जाऊ नका. माझ्याकडे राहा.”

आल्बानूचे कान लालबुंद झाले.

“जावई वारला,” तो म्हणाला. “पोर एकटी, पदरात दोन लहानगी. शब्द दिलाय मी तिला. सहा वर्षं हेच माझ्याही ओठांवर यायचं गं, आणि मी मेला पावसाचं बोलत बसायचो.”

“मूर्ख आहात,” ती म्हणाली. “आणि मीही.”

बाहेर बसचा भोंगा वाजला. आल्बानूनं तिचा हात धरून संताच्या त्या झिजलेल्या गालावर ठेवला, आणि वर आपला खरबरीत पंजा ठेवला. हाका मारत आत आलेली फेलिस्बेला दोघांना पाहून गप्पकन थांबली. मग तशीच बाहेर जाऊन ड्रायव्हरला म्हणाली, “थांब रे जरा. त्यांचं बघून व्हायचंय अजून.”