खुर्चीचं दुःख

"काळा पडला! बघा, काळा पडला!" सभागृहातली शे-दीडशे माणसं एका दमात ओरडली.

मणीमहाराजांच्या बोटांत दोऱ्याला टांगलेला मणी डावीकडून उजवीकडे झुलत होता आणि समोरच्या बाईचे डोळे त्याच्यामागे धावत होते. मुठीतून निघताना दुधासारखा पांढरा असलेला मणी पंख्याखाली बघता बघता कोळसा झाला.

"आठवा दुःख! नजर हलवा! दुःख हललं की मण्याला चिकटलंच!" महाराजांनी मणी मुठीत घट्ट धरला, पुटपुटले, मूठ उघडली. मणी पुन्हा पांढरा. "शुद्ध! चला, पुढचा!"

रांगेत पाटीवाली उभी होती. दुकानांच्या पाट्या रंगवणं हा तिचा आणि तिच्या वडिलांचा, अप्पांचा, धंदा. वर्षापूर्वी सायकलवाल्याची पाटी रंगवताना अप्पा शिडीवरून पडले आणि गेले. शिडी धरून खाली तीच उभी होती. अप्पा शिरोरेषा शेवटी ओढायचे, ती अर्धीच राहिली. गल्लीतली पोरं त्या पाटीला 'अर्धटकली' म्हणत, पण सायकलवाला दुसऱ्या कुणाला हात लावू देईना. आणि पाटीवाली शिडीच्या दुसऱ्या पायरीवर गेली, की पडल्याचा तो आवाज कानात येई आणि ती तशीच खाली उतरे.

"गुण आला तर आला," तिचे काका तिला घेऊन येताना म्हणाले होते.

"आणि नाही आला तर?"

"तर पंख्याची हवा खाऊन परत."

तिची पाळी आली. तिने तो दिवस आठवला, नजर मण्यामागे नेली. आणि नवल म्हणजे, क्षणभर तो आवाज लांब गेल्यासारखा वाटला. काकांनी डोळे पुसले.

तिच्यामागे अपघातातून वाचलेला एक टेम्पोवाला होता. दोन झोके झाले आणि त्याला कापरं भरलं. अपघात पुन्हा डोळ्यांपुढे उभा राहिला असावा.

"दुःख फार आहे याचं. बाजूला घ्या! पुढचा!" महाराजांनी फर्मावलं.

पाटीवालीने त्याला भिंतीशी बसवलं, पाणी दिलं. "दादा, माझ्याकडे बघा. ही भिंत कुठल्या रंगाची?"

"घाणेरड्या हिरव्या," तो कसाबसा म्हणाला.

"बरोबर. आम्ही नाही रंगवली."

तो हसला. रंगाचा विषय निघाला तशी तिची नजर मण्याकडे गेली. हा काळा तिच्या ओळखीचा होता. एका चहावाल्याच्या कपांवर अप्पांनी असाच रंग दिला होता. डबी अजून दुकानात होती.

ती पुढे झाली. "महाराज, एकदा मी झुलवू?"

एवढ्या लोकांपुढे नाही कसं म्हणणार? तिने मणी घेतला, महाराजांसारखाच मुठीत धरून पांढरा केला आणि एका रिकाम्या खुर्चीसमोर झुलवला. मणी काळाकुट्ट झाला.

"अगं बाई, खुर्चीला एवढं दुःख?" गर्दीतून कुणीतरी म्हणालं.

"कोण कोण बसतं तिच्यावर, सोसते बिचारी!" काका म्हणाले आणि सभागृह खदखदून हसलं.

मग तिने तो मणी महाराजांच्याच पुढ्यातल्या गरम चहात बुडवला. पांढराशुभ्र! "गरम झाला की हा रंग जातो, गार झाला की परत येतो. मुठीत गरम, पंख्याखाली गार. एवढाच चमत्कार."

"श्रद्धा नसेल तर..." महाराज गरजले.

"खुर्चीची कुठे होती?"

दुसऱ्या दिवशी ती टेम्पोवाल्याला घेऊन मनोविकारांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली. "मणी खोटा, पण मला क्षणभर हलकं वाटलं ते काय?"

"नजर हलवण्याचा एक उपचार खरंच आहे," बाई म्हणाल्या. "महाराजांनी त्यातलं बोट चोरलं, डॉक्टर मागेच सोडला. आठवण मनात धरायची आणि नजर बोटामागे न्यायची. मनाला दोन कामं एकदम झेपत नाहीत, म्हणून आठवणीची धार बोथट होत असावी. नेमकं कसं, यावर अभ्यासकांचा वाद चालू आहे. पुष्कळांना गुण येतो, हे मात्र तपासलेलं आहे. पण आधी माणसाला सावरायला शिकवावं लागतं. नाहीतर या टेम्पोवाल्या दादांसारखं कापरं भरतं."

"शिरोरेषा ओढताना माझी नजर दिवसात शंभरदा इकडून तिकडे जाते. मग मी कधीच बरी व्हायला हवं होतं!"

"ओढताना तो दिवस आठवायचात?"

"छे! विसरायलाच तर ओढायचे."

"तिथेच तर गोम आहे."

पहिले काही दिवस बाईंनी बोट उचललंच नाही, नुसतं सावरायला शिकवलं. मग हळूहळू पुढे. टेम्पोवाल्याला जास्त दिवस लागले. आपण दोघं महाराजांच्या एकाच शाळेत नापास झालेली पोरं आहोत, असं तो म्हणे.

आणि एका सकाळी सायकलच्या दुकानापुढे शिडी लागली.

"काका, धरलीत ना?"

"धरली. अप्पांची आठवण येते का गं?"

"येते. पण आता शेजारी येऊन बसते, अंगावर कोसळत नाही."

ती दुसरी पायरी चढली, तिसरी चढली. अप्पांचा ब्रश जिथे थांबला होता तिथेच तिने आपला टेकवला आणि रेघ शेवटच्या अक्षरापर्यंत नेली. सायकलवाल्याने हातातल्या सायकलची घंटी वाजवली.

दुःख कुणाच्याही मण्यात शिरत नाही. त्यावर इलाज आहेत, ते शिकलेल्या माणसांकडे आहेत, आणि तिथे जाण्यात लाज नाही. बरं वाटलं तरी कशाने वाटलं, हे विचारा. आणि कुणी चमत्कार करतो म्हणाला, तर आधी रिकाम्या खुर्चीवर करून दाखवायला सांगा.