नऊ नंबरचे हातमोजे

“हे गाव कोणत्या जिल्ह्यात येते?” लिपिक घनश्यामभाऊंनी पत्राचा कागद उलटून मागची कोरी बाजूही पाहिली.

“आइसलँड. देश आहे तो, भाऊ.”

“देश होय! बेबीताई, पाहा बरं, आपल्या घाटंजीची पोरगी कुठलोक जाऊन आली.”

शेजारच्या टेबलावरच्या बेबीताई हसल्या. वर्षाही हसली. खेळाडूंची प्रमाणपत्रं तपासणाऱ्या या कार्यालयात ती तिसऱ्यांदा आली होती. प्रमाणपत्र मंजूर झालं, तरच खेळाडूंच्या राखीव जागेवर नोकरी मिळणार होती. आणि वयाच्या अटीत बसणारं हे शेवटचं वर्ष होतं.

पत्रात सगळं बरोबर होतं. उत्तरेकडच्या मासेमारीच्या गावातला महिला फुटबॉल क्लब. गोलकीपर, वर्षा पूनमसिंग राठोड. दोन हंगाम, एकतीस सामने. त्यांतल्या नऊ सामन्यांत तिच्यावर एकही गोल झाला नाही. जूनमध्ये तिथे अंधार पडत नसे, आणि सराव नसलेल्या दिवशी ती मासळीच्या कारखान्यात पेट्या भरायची, हे पत्रात नव्हतं. तिसऱ्या हंगामाला क्लबनं बोलावलं नाही, हेही नव्हतं.

घनश्यामभाऊंनी नियमाच्या ओळीवर बोट ठेवलं. “क्लब चालत नाही, ताई. राज्याकडून राष्ट्रीय स्पर्धा खेळेल पाहिजे, नाहीतं देशाकडून. तुम्ही राष्ट्रीय काहून नाही खेळल्या?”

“निवड झालती. दोन्ही वर्षं. तेव्हा मी तिथं होती.”

त्यांनी पत्राची जुन्याच घड्यांवर घडी घातली आणि परत दिलं.

“माह्या पोरीले दाखवलं असतं मी हे. पण फाईलले लावता येत नाही.”

वर्षानं पिशवीतले गोलकीपरचे हातमोजे बाहेर काढलेच नाहीत. सकाळी आईनं, मानीबाईनं, बळंच दिले होते. “पत्र खोटं म्हणतीन तं हे दाखवजो.” अकरा वर्षं ते पत्र्याच्या पेटीत, प्लास्टिकमध्ये, मानीबाईच्या लग्नातल्या आरसेवाल्या घागऱ्याखाली होते. कापसाची वाळलेली पऱ्हाटी उपटताना हाताला फोड यायचे. वर्षा दरवर्षी ते मागायची, आणि मानीबाई दरवर्षी म्हणायची, “नोकरीचे आहेत ते.”

बसमधून उतरून ती सरळ वावरात गेली. कापसाची वेचणी कधीच संपली होती. मानीबाई वाळलेली झाडं उपटत होती. तळव्याला चिंधी गुंडाळली होती.

“याडी, नाही झालं. राष्ट्रीयच पाहिजे म्हणतात,” आईला ती बंजारा तांड्यातल्या बोलीतच हाक मारायची.

“पुढच्या साली?”

“पुढच्या साली वय निघून जाते.”

मानीबाईनं आणखी दोन झाडं उपटली. तिसऱ्याच्या बुंध्यावर हात ठेवून ती थांबली. “तू तिकडं निघाली तवा साऱ्या तांड्यानं नाही म्हटलतं. मीच म्हटलतं तुले, जाय.”

“मले जायाचंच होतं.”

“पण म्हटलं मी.”

वर्षानं पिशवीतून हातमोजे काढले. आईचा हात ओढून तळव्याची चिंधी सोडली. मानीबाईनं हात मागे घेतला.

“खराब होतीन ना! नोकरीचे आहेत.”

“आता नाहीत, याडी. घाल.”

मोजे नऊ नंबरचे होते. मानीबाईची बोटं त्यांत अर्ध्यावरच राहिली. वर्षानं मनगटाचे पट्टे घट्ट बांधले. मानीबाईनं दोन्ही हातांनी झाड धरलं, पाय रोवले आणि ओढलं. झाड मुळासकट वर आलं.

हातमोज्याच्या तळव्याचं रबर बुंध्यालाच चिकटून राहिलं. न वापरताही रबर आतून सडत जातं, हे वर्षाला माहीत होतं. तिला ते आठवलं मात्र आत्ता. उरलेलं भुगा होऊन काळ्या मातीत सांडलं, पांढरं, पांढरं.

मानीबाई खाली बसली. कापूस वेचावा तसे ते तुकडे एकेक करून वेचू लागली, आणि ओच्यात टाकू लागली.