छावणीचं फाटक

संगप्पा स्वामींनी जनावरांच्या दवाखान्यात बत्तीस वर्षं कंपाउंडरकी केली होती. निवृत्तीनंतर उदगीरच्या व्यापाऱ्यांच्या एका संस्थेनं त्यांना चारा छावणीवर देखरेखीला नेमलं. दुष्काळाचं ते दुसरं साल. छावणी उघडण्याआधीच संगप्पांनी विश्वस्तांना सांगून ठेवलं, "नवं जनावर सात दिवस वेगळ्या वाड्यात बांधायचं, पाणीही वेगळ्या हौदावर. आणि लस टोचल्याबिगर आत घ्यायचं न्हाई. पाचशे जनावरं एका जागी म्हणजे एकाचा रोग पाचशेला." अध्यक्ष मन्मथअप्पा मोंढ्यातले धान्याचे आडते, भला माणूस. त्यांनी लगेच मान डोलावली.

लस मात्र येईना. लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. लातूरची कचेरी म्हणे, तुमच्या तालुक्याचे कागद अजून उस्मानाबादलाच आहेत. उस्मानाबादचे म्हणत, तुम्ही आता आमचे राहिला नाहीत. संगप्पांनी दोन्हीकडे खेपा घातल्या आणि प्रत्येक वेळी रिकाम्या हातांनी एस.टी.तून उतरले.

इकडे जनावरं येतच होती; लसीवाचून निदान सात दिवस वेगळी बांधून मगच संगप्पा ती आत सोडत. वेगळा वाडा गच्च भरला तेव्हा संगप्पांनी फाटक लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी भर उन्हात सटवाजी आला. नायगावकडून चार दिवस चालत, दोन बैल घेऊन. बैलांच्या बरगड्या मोजून घ्याव्यात अशा.

"मालक, आत घ्या. माघारी नेलो तर वाटंतच पडतेत."

"जागा न्हाई, सटवाजी. बाहेर लिंबाखाली बांधा. मी चारा तिथंच धाडतो."

"आन् पाणी?"

बाहेर पाणी नव्हतं. टँकर आतल्या हौदातच रिकामा होई. संगप्पांनी बादल्या धाडल्या. त्या बैलांपर्यंत पोचल्याच नाहीत. फाटकाबाहेर बसलेल्या तहानलेल्या माणसांनीच पिऊन टाकल्या. संध्याकाळी मन्मथअप्पा आले तेव्हा एक बैल खाली बसला होता.

"संगप्पा, नेम आपणच केला न्हवं? मग आपणच जरा वाकवू."

संगप्पांनी बैलांच्या तोंडात हात घालून पाहिलं, गळे चाचपले. काही दिसलं नाही. अप्पांनी हुकूम केला नव्हता, नुसते बघत उभे होते. फाटक संगप्पांनी स्वतःच्या हातानं उघडलं, आणि वेगळ्या वाड्यात जागा नसल्यानं बैल आतल्या हौदाजवळच बांधले.

तिसऱ्या दिवशी पहाटे बसलेला बैल मेला. त्याचा गळा सुजून कडक झाला होता. संगप्पांनी सूज दाबून पाहिली आणि हात तसाच ठेवून बसून राहिले. घटसर्प, दिवसात जनावर नेणारी साथ. दुपारपर्यंत हौदाजवळच्या सात जनावरांना ताप चढला, दुसऱ्या दिवशी एकवीस मेली.

मग लोक आपापली जनावरं सोडू लागले. संगप्पा फाटकात आडवे उभे राहिले.

"घेऊन जाऊ नका. गावात न्याल तर गावचं खिल्लार मरंल. आहे तिथंच राहू द्या, मी लस आणायलो."

"लस दोन महिन्यांपासून यायलीच हाय," शेषेराव नावाचा शेतकरी म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. "हटा, काका. हिथं ठिवलं तर मरतंय, नेलं तर कदाचित वाचंल. तुमीच सांगा, काय करू?"

शेषेरावानं संगप्पांच्या दंडाला धरून हळूच बाजूला केलं, आणि जनावरं त्यांच्या अंगाला घासत बाहेर पडली. कुठल्या कुठल्या गावांच्या वाटेला लागली ते संगप्पा बघत राहिले.

फाटक उघडल्याच्या नवव्या दिवशी लातूरहून जीप आली. बर्फात लसीच्या बाटल्या, सोबत पत्र: तालुक्याचे कागद पोचले. छावणीत चौतीस जनावरं उरली होती. संगप्पांनी ती सगळी टोचली. सटवाजीचा उरलेला बैल त्यांतच होता. टोचताना सटवाजीनं बैलाची मान कवटाळून धरली होती.

महिन्याअखेर विश्वस्तांची बैठक भरली. इतिवृत्तात लिहिलं होतं: नैसर्गिक आपत्तीमुळे छावणी बंद करावी लागली.

"असं लिहू नका," संगप्पा म्हणाले. "नेम मोडून फाटक मी उघडलं. ते लिहा. पुढच्या माणसाला कळलं पाहिजे."

मन्मथअप्पांनी वहीवर हात ठेवला. "लिहिलं तर पुढल्या साली आपल्याला छावणीची परवानगी कोण देईल? आन् पाऊस न्हाई झाला, तर जनावरं कुठं जातील?"

तेही खरंच होतं. इतिवृत्त न बदलताच पेन पुढे आलं. सही करताना संगप्पांचा हात नेहमीसारखाच चालला, याचंच त्यांना घरी जाईपर्यंत नवल वाटत राहिलं.