पावणेपाच किलोचा मुकुट

“आजी, आबांना नको आणू,” निकितानं स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं. “सगळे हसणार आहेत.”

बाहेरच्या खोलीत आमचे हे आरशासमोर टोपी घालत होते, काढत होते. नातीच्या कॉलेजातल्या फिल्म क्लबनं ‘क्रूरसेनाचा अंत’ दाखवायचं ठरवलं होतं आणि क्रूरसेनाला, म्हणजे ह्यांना, प्रमुख पाहुणे म्हणून बोलावलं होतं. नागापूरच्या आमच्या गल्लीत ज्यांनी विचारलं नाही त्यांनाही हे सांगून झालं होतं.

“हसणार म्हणजे?”

तिनं मोबाईल पुढे केला. पडद्यावर क्रूरसेन “भस्म करीन!” म्हणून ओरडत होता. मान डावीकडे पडलेली, एक डोळा मिटत आलेला. खाली लोकांनी हसून हसून रडणारे चेहरे टाकले होते.

त्या मानेचं कारण मला ठाऊक आहे. एक्याण्णव साली कारखान्यातल्या चौदा कामगारांनी मिळून हा व्हिडिओ सिनेमा काढला. दिग्दर्शक छगनराव, म्हणजे ह्यांचे फोरमन. बाकीच्यांनी पुठ्ठ्याचे मुकुट करून त्यांवर चॉकलेटची चांदी चिकटवली. हे पडले टर्नर. ह्यांना पुठ्ठ्याची लाज वाटली. जाड लोखंडी पाइपचा तुकडा लेथवर धरला, वरची टोकं कानशीनं घासली, तीन रविवार घालवले. मुकुट भरला पावणेपाच किलो. “राजाचा मुकुट हाय, हलका कसा असंल?” म्हणाले. डोक्यावर चढवला की मान आपोआप डावीकडे जायची. छगनराव खूश होऊन ह्यांना म्हणाले, “बिभीषण, काय दरारा येतोय लेका!”

राणीचं काम पॅकिंगमधल्या गहिनीनाथनं केलं, माझ्या लग्नातल्या शालूत. मिशी काढायला मात्र तो तयार होईना. “माझा बाप जित्ता हाय, वहिनी. मिशी काढून गावात गेलो तर लोक भेटायला येतील.” म्हणून राणी सबंध सिनेमाभर तोंडावर पदर धरून रडते.

तेव्हा कुणी हसलं नव्हतं. जामखेडला आमच्या गावी दाखवला, तर क्रूरसेन मरताना सासूबाईंनी, गोजरबाईंनी, असा हंबरडा फोडला की बायकांनी त्यांना धरून बाहेर नेलं. त्यांचा मुलगा, म्हणजे हेच, शेजारी बसून शेंगा खात होता.

“ह्याला कॅम्प म्हणतात, आजी,” निकिता समजावू लागली. “जीव तोडून केलेलं असतं, अगदी मनापासून, आणि इतकं जास्त होतं की हसू फुटतं. मुद्दाम केलं तर नाही जमत. आम्ही हसतो ते आवडतं म्हणून. आता टीव्हीवर सगळे किती अंग चोरून काम करतात!”

“मग सांग की आबांना असंच.”

“मी? तू सांग.”

एकोणतीस वर्षं लेथवर गेली ह्यांची. केलेले सगळे भाग कुठल्या कुठल्या यंत्रांच्या पोटात गेले, कुणाला दिसलेसुद्धा नाहीत. चारचौघांत दाखवावं असं हे एकच. मी सांगायला म्हणून बाहेर आले.

“विजे, टोपीनं कसा दिसतोय गं?”

“बरे दिसता,” मी म्हणाले, आणि आम्ही निघालो.

हॉल गच्च भरला होता. बऱ्याच पोरांनी पुठ्ठ्याचे मुकुट घातले होते. हे हरखले. “बघ, बघ! पन पुठ्ठ्याचं कशाला? मी करून दिलं असतं.”

सिनेमा सुरू झाला. राणीचा पदर वाऱ्यानं उडाला, मिशी दिसली आणि हॉल फुटला. ह्यांनाही हसू आवरेना. “गहिन्याला आनायला पायजे हुतं!”

मग क्रूरसेन आला. दोनशे माना एकदम डावीकडे पडल्या आणि दोनशे तोंडं ओरडली, “भस्म करीन!”

ह्यांचं हसू गेलं.

“विजे, ही पोरं मला हसत्यात का?”

“व्हय.”

“तुला ठावं हुतं?”

“व्हय.”

पुढचा तासभर हे खुर्चीचा दांडा धरून बसून होते. मी दोनदा म्हटलं, “घरी जायचं का?” दोन्ही वेळा ह्यांची नजर पडद्यावरच. पडद्यावर क्रूरसेनाच्या छातीत बाण घुसला आणि तेवढ्यात चित्र गेलं. कॅसेट तिथंच खराब झालेली. नुसत्या पांढऱ्या मुंग्या. पोरं कळवळली, “अरे यार! मरण राहिलं!”

हे उठले.

“अहो, बसा खाली.”

“असं अर्धं सोडू व्हय? आत्ता कुठं बान लागलाय.”

एकेक पायरी चढून हे स्टेजवर गेले. टोपी काढून खिशात घातली. मुकुट नसतानाही मान डावीकडे गेली. “माझं राज्य...” म्हणत गुडघ्यावर आले. हॉल हसला. उठले, तीन पावलं गेले, पुन्हा पडले. हसणं आणखी वाढलं. टेबलाचा आधार घेऊन तिसऱ्यांदा उठले, तेव्हा हसणं कुठंतरी थांबलं. आकाशाकडे बघून ह्यांनी राज्य, राणी, हत्ती, सगळ्यांचा एकेक करून निरोप घेतला. चौतीस वर्षांत एक शब्द विसरले नव्हते. मग सावकाश आडवे झाले.

टाळ्या थांबेनात. हे उठेनात.

“आबा!” निकिता धावत स्टेजवर गेली.

“मागं सर,” डोळे मिटूनच हे पुटपुटले. माइक जवळ होता, सगळ्यांना ऐकू गेलं. “कट कुठं म्हनलंय अजून?”

‘कट’ म्हणणाऱ्या छगनरावांना जाऊन बारा वर्षं झाली. पोरं एकमेकांकडे बघू लागली. ह्यांच्या पांढऱ्या सदऱ्याची बटणं तेवढी वर-खाली होत होती.

मी थोडा वेळ तसंच राहू दिलं. मग मी जागेवरूनच म्हणाले, “कट.”