हेल्मीच्या तळघरातली करवत

मित्रांनो, अंगावर थोडा भुसा आहे, तेवढा चालवून घ्या. सकाळपासून काम चालू होते, मोटर आत्ताच थंड झाली आहे. मी लाकडात नक्षी कापणारी विजेची करवत. ओंडके चिरणारी मोठी करवत वेगळी. माझे पाते शिवणयंत्राच्या सुईसारखे उभे असते, दोऱ्याहून जरासेच जाड, आणि सुईसारखेच वरखाली नाचते. मी जागची हलत नाही. माणूस फळी हळूहळू फिरवत माझ्याकडे सरकवतो आणि त्यातून पाने, पक्षी, नावे सुटी होतात. बाकी अंग ओतीव लोखंडाचे. मला उचलायला दोन माणसे लागतात आणि दोघेही कण्हतात.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथले फारसे आठवत नाही. हिरवा रंग, तेलाचा वास, आणि एका बाईने मला चालवून पाहून "ही बोलकी आहे गं" असे शेजारणीला म्हटलेले, एवढेच. तिथून मी मिशिगनच्या उत्तर टोकाला, सुपीरियर सरोवराच्या काठच्या एका गावात आले. गावातल्या तांब्याच्या खाणी तोवर बंद पडल्या होत्या. बर्फ तेवढा पडायचा थांबत नव्हता.

मला आणले अर्वो राउटिओने. लांबलचक हिवाळ्यात काहीतरी छंद हवा म्हणून. त्याने माझ्यावर पाखरांसाठी एक घर कापले. पाखरे त्यात बसली नाहीत. अर्वोही मग माझ्यापुढे बसला नाही. तळघरात, सॉनाच्या म्हणजे वाफेच्या अंघोळीच्या खोलीशेजारी, सरपणाच्या ढिगाला टेकून मी उभी राहिले.

त्याची बायको हेल्मी शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होती. सुट्टीच्या दिवशी ती वेलदोड्याचा पाव करायची. एकदा कणीक फुगत ठेवून ती सरपण न्यायला खाली आली आणि माझ्याकडे बघतच राहिली. मग तिने बटण दाबले. मी घरघरले. ती दचकून मागे सरली, हसली, आणि एक फळकुट घेऊन समोर बसली. वर कणीक फुगून परातीबाहेर आली तरी बाईला पत्ता नाही.

त्या दिवशी तिने एक हरीण कापले. शेवटच्या वळणावर फळी निसटली आणि एक पाय गेला.

"अगं, हे हरीण लंगडं आहे!" अर्वो म्हणाला.

"पळालं असतं तर तू शिकार केली असतीस," हेल्मी म्हणाली. "आता राहील घरात."

पुढच्या हरणांना चारही पाय आले. मग बर्चच्या झाडाची पाने आली, हंस आले, गावातल्या बाळांची नावे आली. आतली नक्षी कापायची तर आधी फळीला बारीक भोक पाडायचे, पाते सोडवून त्यातून ओवायचे आणि पुन्हा ताणून बसवायचे. एकेका पाकळीसाठी हे सगळे नव्याने. हेल्मी गुणगुणत करायची. तिची बोटे माझ्या पात्याच्या इतकी जवळ यायची की मलाच धडकी भरायची. पण ती बोटे कधी चुकली नाहीत.

मित्रांनो, सगळ्यांनाच मी आवडले असे मात्र नाही. अर्वोचे वडील, म्हातारे ओन्नी, जन्मभर हातातल्या कमानीच्या करवतीने नक्षी कापत आलेले. ते जिन्यात उभे राहून नाक मुरडायचे.

"वीज गेली की काय करशील पोरी? हिच्यावर घोंगडं वाळत घालशील?"

"मग तुमची करवत मागून नेईन, बाबा."

"मी देईन तर ना! यंत्राचं काम म्हणजे दुसऱ्याने चावून दिलेला घास. त्यात तुझा हात कुठे आहे?"

हेल्मी पुढची फळी उचलायची. एके दिवशी घरात कुणी नसताना ओन्नी हळूच खाली उतरले. इकडेतिकडे पाहिले, चष्मा पुसला आणि माझ्यावर एक वेलबुट्टी कापली. काय सांगू, लोण्यातून सुरी फिरावी तसा तो म्हातारा वळणे घेत होता! संध्याकाळी ती वेलबुट्टी हेल्मीला सापडली. तिने जेवणाच्या टेबलावर ती मुकाट्याने त्यांच्यापुढे ठेवली.

"कामचलाऊ आहे," ओन्नी म्हणाले आणि बटाट्यात डोके घातले.

वर्षे गेली. ओन्नी गेले. पुढे अर्वोही गेला. त्या हिवाळ्यात हेल्मी रोज सकाळी कॉफीचा कप घेऊन खाली यायची. कधी कापायची, कधी नुसतीच माझ्या थंड टेबलावर हात ठेवून बसायची. माझा आवाज ऐकला की घर रिकामे वाटत नाही, असे ती मुलीला, लिनेआला, फोनवर सांगायची. आयुष्यात माझे पुष्कळ कौतुक झाले, पण त्याच्याएवढे मोठे दुसरे नाही.

गावात छंदी लोकांचे एक मंडळ होते. त्याचा प्रमुख क्लाइड पेनहेल. शाळेची बस चालवून निवृत्त झालेला, आवाज अजून बसमधलाच. हेल्मीच्या कामात तो हटकून खोट काढायचा आणि दुसऱ्यांना मात्र तेच काम दाखवत फिरायचा. दर उन्हाळ्यात मंडळ प्रदर्शन भरवायचे आणि दारातले पहिले टेबल हेल्मीचे असायचे.

मग तिचे हात थरथरू लागले.

आधी मला वाटले, फळीच ओली असेल. रेघ एका बाजूला आणि पाते दुसऱ्या बाजूला जाऊ लागले. टण्‌कन पाते तुटायचे. ती दुसरे बसवायची, तेही तुटायचे. डॉक्टरांनी सांगितले, जिवाला धोका नाही, पण हे आता जाणारही नाही. हेल्मीने ते कुणालाच सांगितले नाही. फक्त लिनेआला कळले, कारण आईने पाठवलेल्या नाताळच्या तारकांच्या वाकड्या कडा तिने बोटांनी चाचपल्या होत्या.

पुढच्या भेटीत लिनेआ एक पेटी घेऊन आली. लेसरचे यंत्र. प्रकाशाच्या टिपक्याने लाकूड जाळत कापणारे.

"हे काय गं, टोस्टर?" हेल्मीने विचारले.

"आई, तू संगणकावर चित्र काढायचंस. रेघ हलली तर पुसता येते. कापायचं काम याचं."

"आणि मी काय करू?"

"तू कॉफी पी."

ते यंत्र माझ्यासमोरच्या फडताळावर बसले. खरे सांगते, मला त्याचा राग आला. भुसा नाही, घरघर नाही, नुसता धूर. आणि काम असे बारीक की मी लाजावे. बर्फाच्या कणांची नक्षी त्याने पातळ फळीत अशी उतरवली की हेल्मीच्या तोंडून "अगंबाई!" निघाले. ती चित्रे काढू लागली, पुन्हा गुणगुणू लागली. यंत्र कापत असताना मात्र तिचे दोन्ही हात मांडीवर पडून असत आणि त्यांचे काय करावे हे तिला कळत नसे.

त्या वर्षी तिने प्रदर्शनात लेसरचेच काम ठेवले, वर चिठ्ठी लावून: लेसरने कापलेले. मी प्रदर्शनात नव्हते. घरी येऊन तिने लिनेआला फोनवर जे सांगितले ते ऐकले.

"क्लाइड सगळ्यांसमोर म्हणाला, 'हेल्मी, हे छापलंय, कापलेलं नाही. बटण तर माझी मांजरही दाबते. हे टेबल हातांनी काम करणाऱ्यांचं आहे.' मी वस्तू पेटीत भरल्या आणि निघून आले."

"तू हातांचं का नाही सांगितलंस?"

"हात काय प्रदर्शनात मांडू?"

त्यानंतर ती मंडळात गेली नाही. माझ्यावर एक जुनी चादर पडली. सॉनाची दमट हवा चादरीखाली शिरली आणि माझ्या गुळगुळीत टेबलावर तांबूस ठिपके उठले. कुणी पात्याचा ताण सैल केला नव्हता, म्हणून माझा वरचा दांडा दिवसरात्र ताणलेलाच राहिला. मित्रांनो, काम करून यंत्र जेवढे झिजत नाही, तेवढे असे विसरले गेल्याने झिजते. पुढे लेसरवरही धूळ बसली. एकटीने किती बर्फकण कापायचे?

असे दोन हिवाळे गेले. दुसऱ्याच्या शेवटी चर्चच्या उतरत्या छपरावरून साचलेला बर्फ एकदम घसरला आणि पडवीच्या लाकडी कठड्यावर कोसळला. गावाच्या पहिल्या सुतारांनी कापलेला तो कठडा. त्याच्या उभ्या पट्ट्यांत ट्यूलिपची फुले कोरलेली होती. एकही पट्टी धड राहिली नाही. चर्चच्या सभेत कुणी तरी म्हणाले, प्लास्टिकचा तयार कठडा मिळतो, तो लावून टाकू. क्लाइडने टेबलावर मूठ आपटून ते काम अंगावर घेतले. पण त्याची करवत हलकी. जाड फळी लावली की गुरगुरायची आणि पाते तिरके जायचे. पास्टरांनी ईस्टरपर्यंतची मुदत दिली होती. नाहीतर प्लास्टिक.

एका दुपारी आमची दारावरची घंटा वाजली. वरून क्लाइडचा आवाज आला, पण बसमधला नव्हे.

"खिमा भरलेल्या पेस्टी आणल्यात. गरम आहेत. आत येऊ?"

"पायांचा बर्फ झटक."

वर खुर्च्या सरकल्या. मग कपबशी जोरात खडखडली आणि कॉफी सांडल्याचा आवाज आला.

"हेल्मी, तुझा हात..."

"माझा हात. बघितलास? झालं समाधान?"

"कधीपासून?"

"त्या प्रदर्शनाच्या आधीपासून."

"मला सांगायचं होतंस."

"तू विचारायचं होतंस."

क्लाइडने मग हळूच कठड्याचे आणि माझे नाव काढले. थोड्या वेळाने दोघे खाली उतरले. त्याच्या हातात मोडक्या पट्ट्यांनी भरलेले खोके होते. त्याने माझ्यावरची चादर काढली आणि एक शिवी हासडली.

"हिची काय दशा केलीस गं!"

"तुझ्यामुळेच केली. तेल तिकडे आहे, फडकं इकडे. लाग कामाला."

क्लाइडने बाह्या वर केल्या आणि माझा गंज घासून काढला. सांध्यांत तेल सोडले, टेबलावर मेण चोळले. बटण दाबले तेव्हा मी आधी खोकले, मग घरघरले. हेल्मीने तोंड दुसरीकडे फिरवले. तिचे डोळे भरले होते.

मग काम सुरू झाले. हेल्मी मोडके तुकडे जुळवायची, त्यांचे फोटो संगणकात घालून तुटलेली रेघ पुरी करायची. लेसर त्यावरून पातळ फळीचा साचा कापून द्यायचा. क्लाइड तो साचा जाड सीडरच्या फळीवर ठेवून पेन्सिल फिरवायचा आणि माझ्यावर कापायचा. एवढी जाड फळी लेसरला झेपली नसती आणि हरवलेले वळण मला शोधता आले नसते.

पहिला साचा क्लाइडने मोडक्या पट्टीवर ठेवून पाहिला. केसभरही फरक नव्हता.

"याला कॉफी लागते का?" त्याने फडताळाकडे बघत विचारले.

"नाही. पण त्याची काच पुसायला माणूस लागतं. धुराने मळते."

क्लाइडने खिशातून रुमाल काढला.

"त्या रुमालाने नको!" हेल्मी ओरडली, आणि कितीतरी दिवसांनी त्या तळघरात दोन माणसे एकदम हसली.

"सगळ्या पट्ट्या एकाच साच्यावर का नाही कापत?" क्लाइडने एकदा विचारले. "झटपट होईल."

"नीट बघ त्या. कुठलीच दोन फुलं सारखी नाहीत. कुणाची पाकळी जाड, कुणाचं देठ कललेलं. ज्या पट्टीचं जसं होतं तसंच तिला मिळेल."

क्लाइड तिच्याकडे बघत राहिला. "आणि मी म्हटलं होतं की यात हात नाही," तो पुटपुटला. त्याच्याकडून माफी म्हणून एवढेच मिळाले, आणि हेल्मीने ते घेतले.

शेवटी एक पट्टी उरली. तिचा तुकडाही सापडला नव्हता, बर्फाबरोबर कुठेतरी गेला असावा. क्लाइडने शेजारच्या पट्टीचा साचा उचलला. हेल्मीने तो त्याच्या हातातून काढून घेतला.

"ही मी कापते."

"साचा नाही, काही नाही..."

"म्हणूनच."

ती माझ्यासमोर बसली. तिचे हात टेबलावर आले आणि मला ओळख पटली. ते थरथरत होते. मित्रांनो, यंत्राला हळू चालता येत नाही, जो वेग दिला तोच. पण त्या दिवशी मला जेवढे शांत राहता येईल तेवढी मी राहिले. क्लाइड मागे उभा होता. त्याने तिचा हात धरला नाही. पाते तुटले, त्याने नवे ओवून ताणून दिले. पुन्हा तुटले, पुन्हा दिले. बाहेरचा उजेड कलला तेव्हा फूल सुटे झाले.

हेल्मीने कडेवरून बोट फिरवले. "वाकडंतिकडं झालंय. सगळी कड लाटांची."

"पॉलिश पेपर मारू?"

तिने कडेवरून पुन्हा बोट फिरवले. "नको."

ईस्टरच्या आधी कठडा उभा राहिला. हेल्मीची पट्टी कुठे बसवायची ते क्लाइडने कुणाला विचारले नाही. पायऱ्यांच्या अगदी लगत, जिथे सगळे चढताना आधाराला हात टाकतात, तिथे बसवली. पहिल्या रविवारी चर्च सुटल्यावर तो सरळ तळघरात आला.

"हेल्मी, पायऱ्या निसरड्या होत्या. म्हाताऱ्या माणसांनी सगळ्यांनी तुझी पट्टी पकडली. बाकीच्यांवरून हातमोजा घसरतो, तुझ्या पट्टीवरून नाही घसरत. कशी कापलीस म्हणून विचारत होते."

"मग काय सांगितलंस?"

"म्हटलं, ते तिलाच विचारा. मला तसं जमत नाही."

आता मंडळ आमच्या तळघरातच भरते. लेसर समोरच्या फडताळावर बसतो. आमचे सूत जमले आहे. तो अजून लहान आहे, धूर फार करतो, पण उद्धट नाही.

मित्रांनो, तुमच्याही घरी माझ्यासारखे एखादे जुने यंत्र चादरीखाली असेल. त्याला तेल द्या, काम झाल्यावर त्याचा ताण सैल करा. नवे यंत्र आले तर त्याच्यावरही डाफरू नका. त्याची काच पुसा, त्याला घरातले काम शिकवा. आणि तुमच्या घरातल्या कुणी आवडते काम एकाएकी सोडून दिले, तर त्याला नावे ठेवू नका. त्याच्याजवळ बसा आणि त्याचे हात आपल्या हातात घेऊन बघा.