सुगंधीबाबांच्या आसनाखालची गंगा

सुगंधीबाबांच्या दर्शनाला अख्खं भाईंदर लोटलं होतं. साल एकोणीसशे अडुसष्ट. वैशाखाच्या उन्हात मिठागरावर माणसं करपत होती आणि बाबांच्या हातातला गुलाब म्हणे आठ दिवसांपूर्वी खुडलेला, तरी टवटवीत!

"सत्त्व असेल तिथं फूल टिकतं," बाबा डोळे मिटून म्हणत. "पाप असेल तिथं कोमेजतं. काय समजलात?"

लोक माना डोलवत. ज्यांना काहीच समजलं नव्हतं ते जरा जास्तच.

बाबांनी घरोघरी एकेक गुलाब दिला. द्वारकाबाईंनी आपला गुलाब नव्या सुनेच्या, सुलूच्या, हातून देव्हाऱ्यात ठेवला. दुसऱ्या दिवशी पाकळ्या गळल्या. झालं! बाबांनी निकाल दिला, "सून अवलक्षणी. माहेरी पाठवा." सुलूची ट्रंक ओटीवर आली. तिचा नवरा काळूराम माझ्याकडे, म्हणजे शाळामास्तराकडे, धावत आला. मला असा राग आला! पोरीचा संसार एका गुलाबापायी मोडायचा?

त्यांच्या घरी जाताना फुलवाल्या सरूबाईला सोबत घेतलं. देव्हारा बघून ती हसतच सुटली. पेटलेली समई, शेजारी नैवेद्याची पिकलेली केळी, त्यांना टेकून गुलाब. पाण्याचा थेंब नाही.

"बाय, पिकल्या केल्यांजवल फूल टिकंल व्हय? मी टोपलीत दोन्ही कंदी एकत्र न्हाय ठेवत."

"मंग बाबांचा कसा टिकतंय?" द्वारकाबाई फणकारल्या.

"चला, त्यांनाच विचारू," मी म्हणालो.

मांडवात बाबांच्या आसनाखालून पाण्याची धार वाहत होती.

"बाबा, हे काय?"

"गंगा! आमच्या तपानं प्रकटली."

सरूबाई वाकली, तिनं वास घेतला. "मास्तर, गंगेला बोंबलाचा वास येतंय!" आणि तिनं मखमली चादर ओढली. खाली मासळीची लाकडी पेटी. आत बर्फ, बर्फावर ओलं गोणपाट आणि त्यात गुंडाळलेले डझनभर गुलाब! मांडव हसण्यानं दणाणला. बाबा मात्र चपला विसरून काशीमीराच्या दिशेनं निघाले.

मंडळी, यात तप नाही, बर्फ आहे. गारव्यात फूल हळूहळू सुकतं, उष्णतेनं भराभर. पिकलेल्या फळांतून निघणारा वायू त्याला आणखी लवकर कोमेजवतो. फूल सुकलं तर पाणी बघा, ऊन बघा, शेजारची केळी बघा. सुनेचं तोंड बघू नका.

द्वारकाबाईंनी ट्रंक स्वतः उचलून आत नेली. सरूबाईनं दिलेला नवा गुलाब सुलूनं देठ कापून पाण्यात घातला आणि माठाजवळच्या गार कोपऱ्यात ठेवला. पाच दिवस टिकला. सहाव्या दिवशी सुकला, तेव्हा सुलू घाबरून सासूकडे बघू लागली.

"बघतेस काय? फूल हाय, सुकायचाच," द्वारकाबाई म्हणाल्या. "टाक तो, नि चाय घे."