एक मिनिट, आयव्हर पॉम्पीसाठी

मी आयव्हर पॉम्पीचा मायक्रोफोन. सव्वीस वर्षं दुसऱ्याचं बोलणं वाहून नेलं, आज पहिल्यांदा स्वतःचं बोलतोय. मला शिकल्यासवरल्यासारखं बोलता येत नाही. त्यातून राग आलाय.

कुठल्या कारखान्यात मला बनवलं ते आठवत नाही. आठवतं ते जॉर्जटाउनचं क्रिकेटचं मैदान आणि लाकडी जिन्यावरची समालोचनाची खोली. दादाने, म्हणजे आयव्हरने, मला ओठाशी धरलं, हळूच फुंकर मारली आणि म्हणाला, "चल धाकट्या, खेळ सुरू होतोय." त्याला सख्खा भाऊ नव्हता. मग मीच झालो.

दादा आधी धावसंख्या सांगत नसे. आधी वारा सांगायचा. आज वारा समुद्राकडून आहे, चेंडू हवेत वळेल. नदीपलीकडे भातशेतात पंपाजवळ बसलेल्या माणसालाही मग मैदान दिसायचं. आणि गडी बाद झाला की दादा गप्प व्हायचा. मला ओठापासून दूर नेऊन खिडकीबाहेर धरायचा. लोकांचा आवाज, चणेवालीची शिवी, पॅव्हेलियनकडे परतणाऱ्या बुटांची खरखर, सगळं मी नेत असे. "आपण बोलून घाण करायची नाही," तो म्हणायचा.

मग रेडिओच्या क्रीडा विभागाचा प्रमुख म्हणून रॉडरिक हाइंड्स आला. त्याने प्रत्येक विकेट एका रम कंपनीला विकली. गडी बाद झाला की लगेच वाचायचं, ही विकेट अमुक रमच्या सौजन्याने. दादाने एकदा वाचलं. दुसऱ्या वेळी सगळ्या देशाला सांगितलं, "विकेट गोलंदाज डॅनीने घेतलीय. रमने घेतली असती तर चेंडू इतका सरळ पडला नसता."

पॅव्हेलियन हसलं. सोमवारी दादाला काढलं. मला तिथेच ठेवलं. तेव्हापासून दादाच्या जागी बसलेल्या हाइंड्सची थुंकी माझ्या जाळीवर उडायची. पुदिन्याच्या गोळीचा वास असायचा तिला.

आठ महिन्यांनी दादा गेला.

आमच्याकडे माणूस गेला की रेडिओवर नावं वाचतात. अमक्याचा नवरा, तमक्याचा काका, कुणाचा शेजारी. दादाचं निवेदन हाइंड्सने स्वतः लिहिलं. पहिलंच नाव, "रॉडरिक हाइंड्स यांचे जिवलग मित्र." दादाची बायको ऑल्गा तिसऱ्या ओळीत. आणि वाचताना त्या मेल्याने रुमालही काढला.

जाण्याआधी दादाने वायरमन बिशमला निरोप दिला होता. भाषणं नकोत. सामन्याआधी एक मिनिट सगळ्यांनी उभं राहा आणि मैदान ऐकवा. ऑल्गाचे पाय गेलेत, ती न्यू ॲमस्टरडॅम गावी खाटेवर असते. तिला तेवढं पोचवा.

शनिवारी सगळे उभे राहिले. टोप्या निघाल्या. चणेवालीने टोपली खाली ठेवली. बिशमने मला खिडकीबाहेर धरलं. वारा समुद्राकडूनच होता. मी तो घ्यायला लागलो.

चार सेकंद मिळाले. हाइंड्सने मला बिशमच्या हातातून ओढलं. "श्रोतेहो, हे एक मिनिटाचं मौन आपल्यापर्यंत पोचवत आहेत..." आणि रमचं नाव. मग रमचं गाणं. कडव्यासकट.

खाली लोकांच्या कानाला रेडिओ होते. चणेवाली म्हणाली, "अगं बाई, मेल्यावरही त्याच्या नावाने जाहिरात करून घेतलीच."

किळस हाइंड्सची आली, पण त्याहून जास्त माझी आली. ते माझ्यातूनच गेलं. मला नाही म्हणता येत नाही. ज्याच्या हातात असेन त्याचा मी.

थोड्या वेळाने खोलीतला फोन वाजला. ऑल्गा होती.

"बिशम, मिनिट झालं का रे?"

"झालं, आंटी."

"मला नाही ऐकू आलं."

बिशम भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

"ते गाणं वाजलं तेच का?" ऑल्गाने विचारलं.

"तेच."

"बरं," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

खेळ संपल्यावर खोली रिकामी झाली. पूर्वी समालोचन टेलिफोनच्या तारेवरूनच जायचं, बिशमला ते काम येतं. त्याने माझी वायर सोलून फोनला जोडली आणि न्यू ॲमस्टरडॅमचा नंबर फिरवला.

"आंटी, आता ऐका. मी बोलत नाही."

एक मिनिट. माळी रोलर ओढत होता, त्याचा दांडा कुरकुरत होता. सीमारेषेवर किस्कडी पक्षी ओरडला. दूर एक मिनीबस हॉर्न मारत गेली. मी काही सोडलं नाही. पलीकडे ऑल्गाचा श्वास होता. मधे एकदा तो अडकला, मग परत चालू झाला.

"रोलर अजून तोच आहे," ती शेवटी म्हणाली. "तेल घाला म्हणावं त्याला."

हे हाइंड्सला कळलं. रेडिओच्या साधनांवर घरगुती काम केलं म्हणून बिशमला गेटाबाहेर काढलं. आणि मला सन्मान दिला. आता मी मैदानावरच्या क्रिकेट मंडळाच्या दिवाणखान्यात काचेच्या पेटीत आहे. खाली पितळेची पट्टी आहे, तिच्यावर दादाच्या नावापेक्षा रमचं नाव मोठं आहे.

लोक येतात, हातात ग्लास असतो. काचेवर बोट आपटून "हॅलो, हॅलो, चेक" करतात आणि हसतात. प्रत्येकाला वाटतं, हे आपल्यालाच सुचलं. कुणी दादाच्या आवाजाची नक्कल करतो. मग सांगतो, आम्ही दोघं फार जवळचे होतो. मी आता मोजणं सोडलंय, दादाला किती जवळचे मित्र होते ते.

तुम्ही कधी आलात तर एवढंच करा. काचेला हात लावू नका. तो किती थोर होता ते मला सांगू नका. खिडकी बंद असते, ती उघडा. तिथून मैदान दिसतं.

मग साठपर्यंत मनात मोजा. तोंड मिटून.